दोन मशिनं, एक मीटर

कुरुंदा,
९ नोव्हेंबर २००८

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

घरात फोन असताना ही पोरगी पत्र काय लिहिते, असं तुझ्या खोलीतल्या मित्रांना वाटेल. त्यांना सांग, हा आमच्या घरचा कायदा आहे. आजोबांना कुणीतरी तोंडी शब्द दिला आणि तो तोंडीच परत घेतला, तेव्हापासून बाबांच्या, म्हणजे जळबा मास्तरांच्या, घरात जे कागदावर तेच खरं. काल मी म्हटलं, दादाला फोनवर विचारते. तर बाबा म्हणाले, "फोनवर मानूस हवेत बोलते. लिहून घे त्याच्याकडून, फायलीला लावायचं हाय." नवी फाईलसुद्धा आणली आहे त्यांनी. वर निळ्या शाईनं लिहिलंय, 'करुणाचा क्लास'.

तर कामाचं लिहिते. परीक्षा मंडळ कुरुंद्याला एकच संगणक केंद्र देणार आहे. अर्ज दोन आहेत, एक माझा आणि एक बसस्टँडजवळच्या शिवशंकरचा. माझा आधी गेला म्हणून तपासणीही आधी माझी, फेब्रुवारीत. मी नापास झाले तर त्याची पाळी. अट अशी आहे की लाईट बंद करून आठ मशिनं सलग दोन तास चालली पाहिजेत, कारण परीक्षा दोन तासांची असते. आपल्याकडे लाईट किती वेळ असते ते तुला सांगायला नको. सकाळी सहा तास जाते, दुपारी तोंड दाखवते आणि संध्याकाळी पुन्हा माहेरी. विहारामागची खोली मिळाली आहे. वसमतच्या भावसिंगकडून इन्व्हर्टर आणि दोन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या आहेत. त्याहून जास्त बॅटऱ्या परवडणार नाहीत.

आता राहिली मशिनं. नांदेडचा दुकानदार दोन प्रकारची दाखवतो, एक अ‍ॅटम प्रोसेसरचं आणि एक सेलेरॉनचं. दोन्ही स्वस्तातलीच. कोणतं किती वीज ओढतं असं विचारलं की तो चहा मागवतो. तुझ्या दुकानात दोन्ही असतील. शेजारी शेजारी ठेव, मीटर लाव, कामाला जुंप, आणि काय दिसतं ते लिही. कोण चपळ, कोण किती खातं, आणि पैशाच्या मानानं कोणतं घ्यावं. तुझं पत्र आलं की बाबा निवृत्तीचे पैसे काढणार आहेत.

बाबांनी मला ही एकच संधी दिली आहे, तीसुद्धा सहीनिशी. मान्यता मिळाली तर क्लास माझा, आणि लग्नाचा विषय मी काढेपर्यंत कुणी काढायचा नाही. नाही मिळाली तर वाशिमचं स्थळ. आई रोज म्हणते, "पोरगा ग्रामसेवक हाय, काहून नगं म्हणून राहिली?" मी नको म्हणतच नाही. चार वर्षं हिंगोलीला एसटीनं लोंबकळत जाऊन डिप्लोमा केला, तर एक खोली माझ्या नावानं चालवून बघावी, एवढंच म्हणते.

दोन मशिनांचं आईला समजावलं तर म्हणाली, "कमी खानारं घे माय, तुझ्यासारखं." या घरात माझं कौतुक एवढ्याच एका गोष्टीसाठी होतं.

तुझी,
करुणा


पुणे,
२३ नोव्हेंबर २००८

चि. करुणास,
जयभीम, आणि पाठीत एक धपाटा.

काय गं, लग्न टाळायला लोक देवाला नवस बोलतात आणि तू प्रोसेसर शोधत बसलीस! असो. बाबांच्या फायलीला लागणार आहे म्हणून नीट अक्षरात आणि सविस्तर लिहितो.

बाबा, प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं. अ‍ॅटम हे याच वर्षी आलेलं डोकं, कमी विजेवर चालावं म्हणूनच बनवलेलं. कंपनीच्या कागदावर त्याचे फक्त चार वॅट लिहिलेले आहेत. सेलेरॉनचे पस्तीस. हे ऐकून कुणीही म्हणेल, मग विचारायचं काय, अ‍ॅटमच घ्या! इथंच माणूस फसतो. करुणा, तू अ‍ॅटमचा डबा उघडलास तर आत एक पंखा दिसेल. तुला वाटेल त्याखाली प्रोसेसर आहे. आमच्याकडे येणारे अर्धे मेकॅनिकही तसंच समजतात. पण पंख्याखाली असते ती शेजारची चिप, आणि ती एकटी वीसेक वॅट खाते. खरा अ‍ॅटम बाजूला छोट्या पत्र्याखाली गुपचूप बसलेला असतो, त्याला पंखासुद्धा नाही. म्हणून नुसत्या डोक्याचे वॅट बघायचे नसतात, भिंतीतून अख्खं मशीन किती ओढतं ते बघायचं.

काल शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा दोन्ही टेबलावर मांडली. आधी सेलेरॉन लावलं. पडद्यावर सुरुवातीची ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं, मीटर बघितलं, एक्कावन्न वॅट. मग अ‍ॅटम. त्याची मात्र मी गय केली नाही. एकीकडे पिक्चर, एकीकडे टायपिंगची परीक्षा, वर एक मोठी फाईल दाबून लहान करायला लावली. पंखा भणभणायला लागला. मीटर त्रेचाळीसवर. म्हणजे फरक आठ वॅटचा. आठ मशिनांचा मिळून चौसष्ट, एक बल्ब म्हण.

आता वेग बघ. ती फाईल दाबायला अ‍ॅटमनं सव्वाआठ मिनिटं घेतली. सेलेरॉननं तेच काम साडेतीन मिनिटांत उरकलं. एका बल्बासाठी निम्म्याहून कमी वेगाचं मशीन घेणार का तू? पोरी त्यासमोर बसून जांभया देतील. शिवाय सेलेरॉन आमच्याकडे तयार आहेत, बरोबर आठ, आणि घरचं गिऱ्हाईक म्हणून किमतीतही कमी करून देतो.

माझा सल्ला, सेलेरॉनच घे. दोन तास आरामात निघतील. कागदावर लिहून दिलं आहे.

इकडे धंदा थंड आहे. अमेरिकेत काहीतरी बुडालं म्हणतात आणि इथं आमच्या मालकाचं तोंड वाकडं. त्याचं काही मनावर घेऊ नका. आईबाबांना जयभीम.

तुझा,
दादा


कुरुंदा,
७ डिसेंबर २००८

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

पैशांचा ड्राफ्ट सोबत आहे. आठ सेलेरॉन पाठव.

खरं सांगू? माझं मन अ‍ॅटमवर बसलं होतं. एखाद्याला कुणी नावं ठेवली की माझं मन तिकडंच जातं, ही जुनी खोड. पण मीटर तू लावलंस, मी नाही. मोजलेल्यापुढे मनाचं काय चालणार.

तुझं पत्र बाबांनी फायलीला लावलं आहे. रोज दुपारी जेवण झालं की हात धुऊन, पुसून, फाईल काढतात आणि पहिल्यापासून वाचतात. त्यातलं त्यांना पंख्यापर्यंत कळतं, पुढचं नाही. मी म्हटलं, बाबा, रोज तेच काय वाचता? म्हणाले, "अक्षर पाहून राहिलो. माझ्यासारखंच काढते पोरगं." परवा दोन पाहुण्यांना बसवून ते टेकडीचं वाचून दाखवलं. मुलगा पुण्यात मशिनांची परीक्षा घेतो, हे आता निम्म्या कुरुंद्याला माहीत आहे.

नाव नोंदवायला बावीस जणी येऊन गेल्या. अंगणवाडीची सरिता सगळ्यांत आधी. तिला सुपरवायझरच्या जागेला अर्ज करायचाय, त्याला हे प्रमाणपत्र लागतं. म्हणाली, "ताई, मला माऊस धराया भ्याव वाटतं, पन तुमी शिकवाल तर शिकीन." रात्री आई म्हणते, खोलीला चुना तूच देशील का? दिलासुद्धा. हाताची साल निघाली आहे आणि मी लई खुशीत आहे.

तुझी,
करुणा


पुणे,
१८ जानेवारी २००९

चि. करुणास जयभीम.

मशिनं सुखरूप पोचली आणि सगळी चालू झाली हे वाचून बरं वाटलं. तपासणीच्या आदल्या दिवशी बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून घे आणि पडद्यांचा उजेड कमी ठेव, म्हणजे चिंता नाही.

बसस्टँडजवळचा शिवशंकर काल दुकानात येऊन गेला. आपल्या गावचा म्हणून चहा पाजला. त्याचीही तयारी चालली आहे म्हणे. मशिनांतलं त्याला ओ की ठो कळत नाही. मी फार काही बोललो नाही. गावात तुझी पाळी आधी आहे, तू घाबरू नकोस.

माझं उत्तम चाललं आहे. त्या आठ मशिनांमुळे मालकानं स्वतः चहा मागवला माझ्यासाठी. आई विचारत असेल तर सांग, स्वेटर मिळाला, मापात आहे.

तुझा,
दादा


कुरुंदा,
११ फेब्रुवारी २००९

दादा,

नापास झाले.

काल दोन साहेब आले. नांदेडहून गाडी करून आले, चांगली माणसं होती, पाणी मागून प्यायले. अकरा दहाला त्यांनी स्वतः मेनस्विच पाडला आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. आठ जणी बसवल्या होत्या, परीक्षेचा प्रोग्राम चालू. सरिता तीन नंबरवर. पहिला तास असा गेला की मला वाटलं, आता जिंकलं. मोठे साहेब मला विचारत होते, डिप्लोमा कुठला, किती टक्के. मी सांगत होते.

बारा पंचविसाला इन्व्हर्टर ओरडायला लागला. मी पडद्यांचा उजेड अजून कमी केला, पंखा बंद केला, एवढंच माझ्या हातात होतं. बारा एकतीसला आठही पडदे एकदम काळे झाले. एक तास एकवीस मिनिटं. सरितानं माऊस सोडलाच नाही. म्हणाली, "ताई, माझ्याकून काही दाबलं गेलं का?"

साहेबांनी कागदावर 'अपात्र' लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन त्यांनी आईला फक्त एवढं सांगितलं, "वाशिमला कळव."

मला काय चुकलं ते कळत नाही. तू सांग.

करुणा


पुणे,
२० फेब्रुवारी २००९

चि. करुणास जयभीम.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. पण धीर सोडू नको.

मशिनांत दोष असणं शक्य नाही. ती मी स्वतः मोजली होती. माझ्या मते बॅटऱ्यांची भानगड आहे. त्या भावसिंगनं जुन्या बॅटऱ्या रंगवून गळ्यात मारल्या असतील, छोट्या गावात हे सर्रास चालतं. शिवाय त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. वेळेवर घातलं होतंस का? तुझी घाई मला माहीत आहे. लहानपणी दिव्यात रॉकेल न घालता वात लावत बसायचीस.

झालं ते झालं. वाशिमचा मुलगा चांगला आहे. कधी कधी जे होतं ते बऱ्यासाठीच होतं.

तुझा,
दादा


कुरुंदा,
२९ मार्च २००९

दादा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वसमतला गेले. भावसिंगच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. चोर म्हटलं. तो म्हातारा माणूस ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बेटी, बैटरी नई है. किसी और को दिखा ले." मी ऐकलं नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं की बॅटऱ्या खराब होत्या आणि पाणीही माझ्याच हातून राहिलं असेल. तू लिहिलंस म्हणून माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला होता. पाणी मी दर रविवारी घालत होते, तारीख भिंतीवर लिहिलेली आहे. तरीसुद्धा उडाला.

मग पुढचं ऐक. क्लास मोडला, तेव्हा त्या दोन बॅटऱ्या बाबांनी शिवशंकरला अर्ध्या किमतीत देऊन टाकल्या. खराब आहेत असं सांगूनच दिल्या, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. शिवशंकर म्हणाला, चालंल, जोडून पाहू. त्याच्याकडे शिकवायला डिप्लोमावाला कुणी नव्हता. तपासणीच्या दिवशी असा माणूस समोर लागतो. त्यानं मला विचारलं, दिवसाचा रोज देतो, एक दिवस बसता का? आई म्हणाली, लाज न्हाई वाटत? वाटली. पण गेले. ती माझी खोली नसली तरी खोली तर होती.

त्याची आठ मशिनं अ‍ॅटमची आहेत. पडदे माझ्याकडच्यासारखेच. इन्व्हर्टर माझ्याच जातीचा. बॅटऱ्या तर माझ्याच. तेच दोन साहेब, तेच घड्याळ. मेनस्विच पाडला आणि मी घड्याळ बघत बसले. एक तास एकवीस मिनिटं झाली तेव्हा मी उठून उभी राहिले, मला बसवेना. काही झालं नाही. दोन तास झाले, साहेबांनी मान डोलावली, तरी मी बंद करू दिलं नाही. दोन तास दहा मिनिटांनी इन्व्हर्टर ओरडला. साहेबांनी शिवशंकरचा हात हातात घेतला आणि मला म्हणाले, मॅडम, तयारी छान आहे.

साहेब गेल्यावर मी एका मशीनचा डबा उघडला. तू लिहिलेलं सगळं खरं निघालं. पंखा शेजारच्याच्या डोक्यावर, आणि काम करणारा कोपऱ्यात. त्या छोट्या पत्र्याला बोट लावलं, जेमतेम कोमट होता.

मग घरी येऊन तुझं पहिलं पत्र फायलीतून काढलं आणि बाबा वाचतात तसं पहिल्यापासून वाचलं. एकच विचारते. सेलेरॉनवर मीटर लावलंस तेव्हा ते काय काम करत होतं?

करुणा


पुणे,
६ एप्रिल २००९

करुणा,

तू हुशार आहेस, हे मला माहीत होतं. तुला कळेल ही भीतीही होती.

ते काहीच काम करत नव्हतं. टेकडी दिसत होती, तेवढंच.

माझं ऐक. नोव्हेंबरात मालकानं आम्हा तिघांना बोलावलं. म्हणाला, मंदी आहे, तिघांना पोसणं होणार नाही, गोदामात आठ जुनी सेलेरॉन पडली आहेत, महिन्याभरात जो काढील तो राहील. पुढच्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. आठच पाहिजेत म्हणून. मी दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. बाबा गावभर सांगतात पोरगा इंजिनियर आहे, मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार होतो की मला काढलं? आणि खरंच वाटलं गं, की दोन तास निघून जातील. अ‍ॅटम तेव्हा नवं होतं, ते किती वाचवतं हे आमच्याकडे कुणी नीट मोजलेलंच नव्हतं. मलाही पक्कं माहीत नव्हतं. मी खोटा आकडा एकही लिहिलेला नाही.

नोकरी राहिली. बाकीचे दोघे गेले.

तुझ्या लग्नाचा सगळा कपडा माझ्याकडून. अजून काय हवं ते सांग. फक्त बाबांना हे कळू देऊ नकोस. त्या माणसाकडे माझ्याशिवाय अभिमानाचं दुसरं काही नाही.

तुझा,
दादा


कुरुंदा,
१६ एप्रिल २००९

दादा,
जयभीम.

तू लिहितोस की नीट मोजलेलंच नव्हतं. सोबत एक झेरॉक्स आहे, आधी ती वाच.

तुमच्या दुकानाच्या छापील कागदावर, तुझ्या अक्षरात, खाली तुझी सही. तारीख १७ जानेवारी. शिवशंकरनं आपल्या फायलीतून काढून मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिलं. "ताई, तुमच्या दादानं लई बराबर सांगितलं बघा. मी तर सेलेरॉनच घेनार होतो." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तू लिहिलं आहेस, 'आमच्याकडे २२ नोव्हेंबरला दोन्ही मशिनं एकाच कामाला लावून मोजली. अ‍ॅटम त्रेचाळीस वॅट, सेलेरॉन चौऱ्याहत्तर. वेगात सेलेरॉन पुढे आहे, पण जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे डोळे झाकून अ‍ॅटम घ्यावं.'

बावीस नोव्हेंबर म्हणजे तो शनिवार. म्हणजे त्या दुपारी तू सेलेरॉनलाही कामाला लावलं होतंस, चौऱ्याहत्तर डोळ्यांनी बघितले होतेस, आणि दुसऱ्या दिवशी बसून मला टेकडीचे एक्कावन्न लिहिलेस. एकही आकडा खोटा नाही, हे खरं आहे. घरच्या माणसाला फसवायला खोटं मीटर लागत नाही. ते काय चालू होतं असं मीही विचारलं नाही. परक्या दुकानदाराला विचारलं असतं. भाऊ म्हणून विचारलं नाही.

आणि शिवशंकरला खरं का सांगितलंस तेही कळलं. तोवर सेलेरॉन संपली होती, माझ्या खोलीत येऊन पडली होती. त्याला खोटं सांगून तुला मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मला लिहिलंस, मी फार काही बोललो नाही.

मला फार राग आला आहे. लपवत नाही. तू लिहिलं असतंस, करुणा, माझी नोकरी जाते आहे, तर मी काय केलं असतं? कदाचित ती आठही घेतली असती आणि बाबांच्या हातापाया पडून अजून एक बॅटरी आणली असती. ती संधी माझी होती दादा. द्यायची की नाही हे मला ठरवायचं होतं. तू न विचारता घेतलीस, आणि वर पाणी घातलं होतंस का म्हणून विचारलंस. मशिनाचं एक वेळ विसरेन. ते पाण्याचं विसरणार नाही.

भावसिंगकडे जाऊन आले. चार गिऱ्हाइकं असतील अशी वेळ बघूनच गेले आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानं खुर्ची दिली. मशिनं तशीच आहेत, आईनं त्यांच्यावर जुनी लुगडी टाकली आहेत. सरिता शिवशंकरकडे जाते, माऊसची भीती गेली तिची. तिथं शिकवायला राहता का, असं त्यानं विचारलं होतं. वाशिमकरांनी नको म्हटलं, लग्नानंतर वाशिमला राहायचं तर इथली नोकरी कशाला.

लग्न नऊ मेला आहे, बुद्धपौर्णिमेला. होईल. मला ते मोडायचं नाही. माणूस वाईट वाटला नाही, बोलला बरा. कपडा पाठवू नकोस.

आता तुझं शेवटचं मागणं. खरं सांगते, मी बाबांना सांगणार नव्हते. तुझं पत्र चुलीत घालायचं ठरवलं होतं. पण परवा चौदा एप्रिलला विहारासमोर सगळी मंडळी जमली होती. कुणीतरी विचारलं, मास्तर, क्लासचं काय झालं? बाबांनी माझ्यासमोर सांगितलं, "पोरानं बराबर लिहून देलं होतं. पोरीला जमलं न्हाई." मंडळींनी माना हलवल्या. मी तिथंच उभी होते, हातात निळ्या पताका होत्या. बाबांनाही दुःख होतं, ते मला दिसत होतं. पण ते चुकीच्या कागदावर विश्वास ठेवून आयुष्यभर माझ्याबद्दल असंच सांगत राहतील, आणि मी वाशिमला असेन, मला ते ऐकूसुद्धा येणार नाही.

म्हणून आज सकाळी त्या झेरॉक्सची दुसरी प्रत फायलीला लावली आहे. तुझ्या पहिल्या पत्राच्या बरोबर मागे, छिद्रं नीट पाडून. दोन्हींतल्या तारखेखाली आणि सेलेरॉनच्या वॅटखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आहे. बाकी मी काही बोलणार नाही. बाबा इंग्रजी मशिनांत अडतात, पण बावीस आणि तेवीस कळायला त्यांना माझी गरज नाही.

हे लिहीत असताना ते जेवायला बसले आहेत. आई भाकरी वाढते आहे. जेवण झालं की हात धुतील, पुसतील आणि फाईल काढतील.

फोन करू नकोस. त्यांना जे सांगायचं असेल ते कागदावर सांग.

करुणा